मोतीसाहेबांची शेरवानी

नरहरराव पेशकार माणसांना अरे-तुरे करतात आणि कुत्र्याला अहो-जाहो. "मोतीसाहेब, तशरीफ आणा," म्हटलं की ते तांबडं गावठी कुत्रं खरंच उठून येतं. मला मात्र, "ए पत्रकवाल्या, सरक!"

निजामाच्या कचेरीत साहेबापुढं कागद ठेवण्यात यांचा जन्म गेला. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, कचेरीची भाषा बदलली. पण छावणीजवळच्या आमच्या गल्लीत हे दूध आणायलासुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली पांढरी शेरवानी घालूनच निघत. मी 'गुलामीची शेरवानी उतरवा' असं पत्रक काढलं आणि पहिली प्रत यांच्याच हातात दिली. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, "कागद चांगलाय. पुड्या बांधायला होईल."

तेवढ्यात मोती खाजवायला लागला. पिसवा! शेपटीच्या मुळाशी चावून चावून त्यानं केस घालवले, कातडी लालभडक केली. गल्लीनं बसल्या जागी निकाल दिला: खरूज. कुत्री धरणारी गाडी येणार होती, आणि खरुजलेलं कुत्रं ती सोडत नसे. गटार वर्षानुवर्षं तुंबलेलं, त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही, शिक्षा कुत्र्याला!

"घासलेट चोळा की," समोरच्या गंगूबाई म्हणाल्या. "लगेच मरत्यात."

"कातडी भाजते त्यानं. आधी तुझ्या पाठीला लावू का, गंगे?"

"मला काय पिसवा झाल्यात व्हय?"

नरहररावांनी कडुलिंबाचा पाला उकळला. पाणी पार गार होऊ दिलं, स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलं आणि कुत्र्यापुढं मान लववली. "इजाजत असावी." ओलं फडकं लाल कातडीवर नुसतं दाबून धरायचं, घासायचं नाही. मग बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. बसायचं पोतं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात. रोज हेच.

तरी मोती तिथंच चावे. तेव्हा यांनी कात्री घेतली आणि ती शेरवानी कापली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, कुत्र्याच्या पाठीवरून घेऊन पोटाखाली बटणं. स्वतः सदऱ्यावर फिरू लागले. माझ्या पत्रकानं जे झालं नाही, ते पिसवांनी केलं.

गाडी आली. "म्हाताऱ्या, हे खरजाडं हाय. लपवू नको," गाडीवाला म्हणाला. मी भाषणाच्या तयारीत पुढं झालो.

"तू गप," नरहरराव म्हणाले. "मोतीसाहेब, जरा तसदी देतो." एकेक बटण काढलं. कातडीची लाली उतरली होती आणि तांबडी लव उगवत होती. गाडीवाल्यानं वाकून पाहिलं, हात फिरवला आणि गाडी पुढं नेली. माझं भाषण राहून गेलं.

मी विचारलं, "काका, कुत्र्याला 'अहो' कशाला?"

"हे हमीदमियाँचे. त्यांच्या घरी लेकरालाही आप म्हणायची रीत. 'अरे' म्हटलं तर हे उठत नाहीत."

हमीदमियाँ शेजारच्या घरात राहायचे, यांच्याच कचेरीत होते. संध्याकाळी दोघं त्यांच्या ओट्यावर बसत. पोलीस ॲक्शननंतर ते मुलाकडं कराचीला गेले. घराला कुलूप, मोती यांच्याकडं. मोती अजून रोज संध्याकाळी त्या कुलपासमोर, ओट्यावरच्या धुळीत जाऊन बसतो.

पिसवा तिथल्याच, हे मी ओळखलं. "काका, मूळ कारण तो ओटा. संध्याकाळचं बांधून ठेवा याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याच्या बाह्या सारून नरहरराव परक्याचा तो ओटा झाडताना दिसले. कोपऱ्यांत उकळतं पाणी ओतत होते.

"बांधलं असतं तर एवढी मेहनत वाचली असती," मी म्हणालो.

"बांधलं तर तिथं बसणार कोण?" झाडू न थांबवता ते म्हणाले. "मला आता गुडघ्यांमुळं बसवत नाय."