नामाजीबाबाची भाजीबंदी

देवाची निंदा केली तर माणूस मेल्यावर नरकात जातो, असे कीर्तनकार सांगतात. आमच्या आळीत इतकी वाट पाहावी लागत नसे. आमच्याकडे त्याच दिवशी वांगी बंद होत.

ही सजा देणारा नामाजीबाबा माळी. अमरावतीत नाल्याच्या अंगाला आम्हा माळ्यांचे मळे होते. त्यात त्याचा आणि आमचा बांधाला बांध. मी त्याला 'तो' म्हणतो म्हणून पुण्याकडच्या वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आमच्या वऱ्हाडात ज्याच्यावर जीव असतो त्याला अहो-जाहो करत नाहीत.

नामाजीबाबा सकाळी डोक्यावर डालं घेऊन निघे. वांगी, मेथी, पालक, वर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. वकील-मास्तरांच्या वस्तीत त्याची भाजी आधी संपायची, कारण ती खरोखरच चांगली असे. पण घेणाऱ्याने तोंड सांभाळून घ्यायची. मारुतीबद्दल वेडेवाकडे बोलले की आठ दिवस भाजी बंद. महादेवाबद्दल पंधरा दिवस, श्रावणात दुप्पट. देवीबद्दल महिना. आणि हे फक्त आपल्याच देवांपुरते नव्हते. नाल्यापलीकडच्या पीरबाबाला एक कारकून काहीतरी बोलला, तर त्यालाही आठ दिवस.

"तो पीर तुझा कोण लागतो?" कारकुनाने विचारले.

"कोनीच नाई. पन देव कोनाचाबी असो, त्याले भांडायले तोंड नाई न. मले हाये."

एक वकीलसाहेब नव्या विचारांचे होते. मेथी निवडता निवडता ते शेजाऱ्याला सांगत होते, की सूर्य म्हणजे देवबीव काही नव्हे, तापलेल्या वायूंचा गोळा आहे. नामाजीबाबाने वकिलांच्या थैलीत हात घालून मेथीच्या दोन्ही जुड्या परत काढल्या.

"अरे, हे काय?"

"गोळ्याले सांगा मेथी पिकवून द्यायले. माही तं सूर्यनारायनानं पिकवली हाये."

दुसऱ्या दिवशी वकीलणबाईंनी मोलकरणीला पाठवले. बाबाने थैली ओळखली. तिसऱ्या दिवशी थैली बदलून पाठवली, तर मोलकरीण ओळखली. शेवटी वकीलसाहेब स्वतः ओट्यावर आले आणि कोर्टात शपथ घ्यावी तसे म्हणाले, "सूर्यनारायण आहे."

"मनापासून?"

"मनापासून."

"वकिलाचं मन," असे पुटपुटत बाबाने मेथी दिली. सांभार मात्र फुकटचा घातला नाही.

आता असा माणूस स्वतः देवापुढे किती लीन असेल, असे कोणालाही वाटेल. छे! विहिरीजवळच्या मारुतीला तो रोज सकाळी शिव्या घालायचा. एकदा भर उन्हात मोटेचा नाडा तुटला आणि मोट विहिरीत गेली. बाबा तसाच मारुतीपुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय पाहून राहिला लेका? एवढा डोंगर उचलला म्हनते, अन मोटीले हात लावायचा तं शेंदूर झडते काय तुहा?"

मी तेव्हा शाळेत होतो. मी म्हटले, "बाबा, आता तुझीच भाजी बंद करायला पाहिजे."

"काहून? मी त्याले दर शनवारी तेल घालतो. ज्यानं तेल घातलं त्यानं बोलावं. रस्त्यानं जानाऱ्यानं नाई."

एवढे खरे, की सगळ्या देवांशी भांडणारा हा माणूस एका ठिकाणी गप्प असे. मळ्याच्या टोकाला कडुलिंबाखाली मातामायचा ओटा होता. दर मंगळवारी तो तिथे गार पाणी ओतायचा, दहीभात ठेवायचा, आणि आला तसा पाय न वाजवता परत यायचा. मी ते लहानपणापासून पाहत होतो. पाहिले, पण त्याचा विचार केला नाही.

मी बी. ए. झालो. आमच्या आळीतला पहिला. माझ्या बापाला सही येत नव्हती, हे मी कधी लपवले नाही आणि आता तर मुळीच लपवणार नाही. निकाल कळला त्या दिवशी नामाजीबाबा डालं घेऊन निघाला तो घरोघर सांगत, "आमचं पोट्टं बीए झालं! घ्या, सांभार घ्या, आज सांभाराचे पैसे नाई." वकीलसाहेबांनाही चार जुड्या मिळाल्या. त्या दिवसापासून माझे गणपत हे नाव त्याने टाकून दिले. मी नुसता 'बीए'. "काहून बे बीए, जेवला का?" "बीए, तो बैल सोड जरा."

मला अकोल्याच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. सुटीत बडनेऱ्यावरून घरी यायचो. अशाच एका सुटीत आलो तो शेजारच्या पुऱ्यात देवीची साथ. आमच्याकडे त्याला मातामाय आली म्हणत, आणि टोचून घेतले की ती कोपते, असे जुनी माणसे सांगत. दोन घरांत लेकरे अंगावर निंबाचे डहाळे घेऊन पडली होती. नागपूरचा हुकूम आला होता, आणि म्युनिसिपालटीचा टोचणारा पेटी घेऊन आळीआळीत हिंडत होता.

नामाजीबाबाच्या घरी कौसा होती, तीन वर्षांची नात. मुलगा रेल्वेत, त्याची गावोगाव बदली. सून बाळंतपणात गेलेली. म्हातारा आणि ती पोरगी, एवढेच घर. कौसाला टोचलेले नव्हते. आळीत आता टोचायची राहिलेली तीच एक होती, आणि साथ दोन गल्ल्यांवर येऊन ठेपली होती.

टोचणारा पहिल्यांदा आला तेव्हा बाबाने सांगितले, पोरगी मामाच्या गावी भातकुलीला गेली. दुसऱ्यांदा तो न सांगता थेट मळ्यातच आला. मीही बांधावर होतो. बाबाने घाईघाईने कौसाला मोठ्या डाल्यात बसवले आणि वर मेथी पसरली.

"पोरगी कुठे आहे?" टोचणाऱ्याने विचारले.

"सांगतलं न, भातकुलीले."

तेवढ्यात डाले शिंकले.

टोचणाऱ्याने डाल्याकडे पाहिले. बाबाने आभाळाकडे पाहिले. "यंदा गारवा लय हाये," बाबा म्हणाला. "मेथीले सर्दी होऊन राहिली."

टोचणारा बिचारा पोटासाठी हिंडणारा. माळ्यांच्या आळीत एकट्याने भांडण कशाला काढा, असा विचार करून त्याने वहीत 'गैरहजर' लिहिले आणि निघून गेला. मला मात्र हसू आले नाही. संताप आला. चार वर्षे कॉलेजात घालवून मी काय फक्त डाली शिंकताना बघायची?

त्याच दिवशी संध्याकाळी पारावर सगळे जमले होते. मी उभा राहिलो आणि बोललो. लस म्हणजे काय, ती गाईपासून कशी निघते, कुठल्या देशात साथ कशी हटली. बायकासुद्धा दारात येऊन ऐकत होत्या. मला ते ऐकणे चढले. मी म्हणालो, "दगडापुढे दहीभात ठेवून साथ जात नाही! माता नाही, कोप नाही, हा नुसता रोग आहे. आणि जे टोचू देत नाहीत, ते आपल्या हाताने आपली लेकरे मारतात!"

कोणी काही बोलले नाही. मला वाटले, पटले.

नामाजीबाबा पुढेच बसला होता. आता हा उसळणार म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. तो उसळला नाही. त्याने मांडीवरचे पागोटे उचलले, डोक्यावर ठेवले, नीट बसवले, आणि घराकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या घराची भाजी बंद झाली. आम्ही स्वतः माळी, आम्हाला कसली भाजीची वाण! पण बाबाकडली वांगी आमच्याकडे आणि आमची गवार त्याच्याकडे, हे माझ्या जन्माआधीपासून चालत आले होते. आईने बांधावरून ओरडून विचारले, "किती दिवस, भाऊजी?"

"मुदत नाई," तो म्हणाला आणि पाठ फिरवली.

बिनमुदतीची सजा त्याने याआधी कोणाला दिली नव्हती.

आई घरात आली आणि माझ्यावरच कडाडली. "तुले कोनं सांगतलं होतं तसं बोलायले? अन त्याच्या तोंडावर!"

"मी काय खोटं बोललो?"

"त्याच्या दोन पोरी गेल्या देवीनं. तू पाळन्यात होता. एका हप्त्यात दोन्ही. सोनी अन पारी." आई खाली बसली. "तवाबी टोचनारा आल्ता. अन यानंच लपवल्या होत्या त्याईले. याच मळ्यात."

मी पदवी घेऊन आलो होतो, आणि बांधापलीकडच्या घरात काय घडले ते मला ठाऊक नव्हते. आळीत सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्यापुढे कोणी बोलत नव्हते, इतकेच.

मी मळ्यात गेलो. बाबा वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून त्याने कुदळ थांबवली नाही. एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात वळवले, मग म्हणाला, "बोल बीए. काल काई बाकी राहिलं काय?"

"नाई बाबा."

"मंग मी बोलतो." तो कुदळीच्या दांड्यावर टेकला. "मातामायनं नेल्या, तं माह्या पोरी मायच्या मांडीवर हायेत. मी मंगळवारी दहीभात ठेवतो, तो दगडाले नाई ठेवत. पारीले दही लय आवडे. आता तू म्हनतं, माय नाई, नुसता रोग हाये. मंग पोरी कुठी हायेत? अन नेल्या कोनं? तू तं काल सांगतलंच, कोनं मारल्या."

पाणी वाफा भरून बाहेर वाहू लागले होते. त्याचे लक्ष नव्हते. मी खाली बसून हातानेच मातीचा बांध घातला.

देवाला कोणी बोलले की लोक का चिडतात, यावर मी कॉलेजच्या वादविवाद मंडळात एकदा बोललो होतो. अज्ञान, सवय, पुरोहितांचे राज्य, अशी कारणे दिली होती आणि टाळ्याही घेतल्या होत्या. त्या कारणांतले एकही त्या वाफ्याजवळ उभे राहत नव्हते.

"बाबा, मी चुकलो," मी म्हणालो. "बोलन्यात चुकलो. टोचन्यात नाई चुकलो. कौसाले टोचलंच पायजे."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिले. आता कुदळ अंगावर येते की काय, असे मला वाटले.

"लय हेकट हायेस," तो म्हणाला. "बापासारखाच."

दोन दिवस काही घडले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आमच्या दारात उभा. धुतलेले धोतर, पागोटे, कडेवर कौसा. तिच्या डोळ्यांत हे एवढाले काजळ.

"कुठी बसते तो तुहा टोचनारा?"

वाटभर त्याने कौसाला कडेवरून खाली उतरवले नाही. दवाखान्याच्या ओट्यावर रांग होती. आमची पाळी आली तशी कौसाला मांडीवर घेऊन बाबा बसला आणि तिचा दंड त्याने स्वतः धरला. "मायचं नाव घेऊन टोच रे बावा," तो टोचणाऱ्याला म्हणाला. टोचणारा मुसलमान होता. त्याने क्षणभर विचार केला, "या माई" म्हणाला आणि टोचले. कौसाने ओटा डोक्यावर घेतला.

सगळे झाल्यावर आम्ही ओट्याच्या कडेला बसलो. पोरगी मुसमुसत होती. बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत होता. बघता बघता, अगदी हळू, मला विचारता झाला,

"बीए. त्या टायमाले टोचून घेतलं असतं, तं वाचल्या असत्या काय रे?"

मी मास्तर माणूस. पोराने पाढा चुकवला तर मी त्याला जागच्या जागी चूक म्हणतो. कोणाची भीड ठेवत नाही.

"नाई बाबा," मी म्हणालो. "त्या सालची लस कच्ची होती. टोचलेलेबी गेले. काई फरक पडला नसता."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बुकात लिहेल हाये?"

"हाव. लिहेल हाये."

मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात तसले एक अक्षर नव्हते. हे त्याला कळले की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मंग बरं," तो म्हणाला. आणि खाली वाकून कौसाच्या दंडावर फुंकर घालत बसला.