दोन दारांची चिप आणि रजतचं डोकं

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून जिल्ह्याला जायचंच, असं सेलूच्या आचल थूलनं ठरवलं होतं. पण सरांनी जोडीदार दिला रजत वरघने. त्याच्या डोक्यात एवढी मोकळी जागा, की दोन गाड्या कापूस सहज मावला असता.

प्रकल्प सगळा आचलचा. एक प्रोसेसर टाकीतलं पाणी मोजायचा, दुसरा तो आकडा वाचून मोटर बंद करायचा. मधे दोन दारांची मेमरी चिप. एका दारातून पहिल्यानं आकडा ठेवायचा, दुसऱ्या दारातून दुसऱ्यानं उचलायचा. दोघं एकदमच एका कप्प्यावर तुटून पडले, तर एक पिवळी वायर दुसऱ्याला दटावायची, थांब जरा!

परीक्षक भैयाजी सर टेबलाशी आले, तेव्हा ती वायर रजतच्या खिशात होती.

"काऊन काढली बे?" आचल दातओठ खात पुटपुटली.

"लोंबून राह्यली होती. दोन दारं हायेत ना? मंग थांबाचं कायले?"

"तुह्या डोक्याले एक तरी दार हाय का?"

तोवर मोटर सुरू झाली होती. टाकी भरत आली. पहिला प्रोसेसर नव्याण्णव पुसून शंभर लिहायला बसला. दोन शून्यं ठेवून झाली, पुढचा एकाचा आकडा ठेवायचा बाकी होता, तेवढ्यात दुसऱ्यानं घाईनं उचललं. शून्य! टाकी रिकामी! मोटर आणखी जोरात, आणि पाणी थेट भैयाजी सरांच्या नव्या बुटांत.

आचलनं रजतच्या खिशातून वायर ओढून जागेवर खोचली. मोटर गप्प.

"वा! एका वायरीनं थांबली?" सर बूट झटकत म्हणाले. "नाव काय लिहू?"

झालं. आचल त्यांच्या डाव्या कानाशी, रजत उजव्या.

"आचल सुरेश थूल!"

"रजत वरघने!"

दोघं एकदमच. सरांनी मान डोलावली आणि लिहिलं.

संध्याकाळी माईकवर सर गरजले, "जिल्ह्यासाठी निवड, आचल रजत वरघने!"

हॉलमध्ये हशा पिकला. आचलची आई कोकिळाबाई खुर्चीतून ताडकन उठली.

"आचल, हे कवा झालं वं?"

रजत आयुष्यात पहिल्यांदा मागे सरला. "तू जा पयले."

"मी नाई जात. तूच जा."

"नाई नाई, तू."

आता मात्र वायर नसतानाही दोघं शहाण्यासारखे थांबून होते. आणि स्टेजवर प्रमाणपत्र धरून भैयाजी सर, ओल्या मोज्यांत.