प्रशिक्षकाने धावू नये

विद्यापीठाचं परिपत्रक पेणच्या आमच्या विशेष शाळेत गुरुवारी पोचलं. मतिमंद खेळाडूंना कसं शिकवावं, हे कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा दिवसांत शिकवायचं होतं. रोह्याच्या कॉलेजातून बारा विद्यार्थी येणार, आम्ही एक खेळाडू द्यायचा, आणि शेवटी रोह्याच्या मैदानावर स्पर्धा. जादा मार्क मिळणार असल्याने विद्यार्थ्यांमध्ये सेवाभाव एकाच सकाळी जागा झाला.

खेळाडू म्हणून मी जनीला दिलं. वय सतरा. मिठागरात आई बायजाबाईबरोबर काम करते, आणि बांधावरून अशी पळते की बगळे बाजूला होतात. तिला शंभर मीटर धावायचं होतं. बाकी जगाकडे तिचं मागणं नव्हतं. रोज विचारायची, "बाई, शर्यत कवा?"

समन्वयक प्रा. रूबेन पेणकर सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'एका वेळी एकच सूचना द्यावी.' ते कसं करावं याच्या मग सतरा सूचना दिल्या. बाराही जणांनी त्या उतरवून घेतल्या. तोवर मैदानाला जनीच्या सहा फेऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सातच आले. बाकीचे वडखळ नाक्यावर नाश्त्याला उतरले आणि तिथूनच रोह्याला परतले. पाचव्या दिवसापासून उरला एकटा प्रणित, तोही एक दिवसाआड. जनीबरोबर धावायच्या सरावात तो दर वेळी शिट्टीच्या आधीच सुटायचा. जनी त्याचा हात धरून त्याला मागे आणायची.

"थांब. आईक. मंग पल."

दहा वेळा, वीस वेळा, न चिडता. नवव्या दिवशी तो शिट्टीनंतर सुटला, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

दहावा दिवस मार्कांचा, म्हणून प्रणितही आला. सरांनी हजेरी तपासली. येईल त्याने वहीत सही करायची, असा नियम. जनी नुकतीच स्वतःचं नाव लिहायला शिकलेली. पूर्ण हजेरी तिची एकटीचीच निघाली.

"पूर्ण हजेरी म्हणजे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र," सर म्हणाले. "एक तरी प्रशिक्षक तयार व्हायला हवा, नाहीतर अहवालात लिहू काय?"

"सर, ती खेळाडू आहे."

"होती. आता प्रशिक्षक आहे. प्रशिक्षकाला स्पर्धेत धावता येत नाही."

"मग धावणार कोण?"

सरांनी परिपत्रक उलटलं. 'शिबिरात नाव असून प्रमाणपत्र न मिळालेली व्यक्ती खेळाडू समजावी.'

"प्रणित, उद्या बूट घालून ये."

मार्क तेवढेच मिळतील ना, एवढंच प्रणितने विचारलं. माझा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी वाद घालू नये असा माझा नेम आहे. अन्यायाचं मात्र असं काही पथ्य नसतं.

स्पर्धेला बायजाबाई नवं लुगडं नेसून आली. जनीला बघून थबकली.

"बाई, पोर पलाला आली नं? मंग गल्यान शिट्टी कशाला?"

"तिला बढती मिळाली."

"बढती कोनी मांगली व्हती गो?"

परिपत्रक सगळ्या तालुक्यांत तेच गेलं होतं. त्यामुळे रेषेवर आठ धडधाकट कॉलेजकुमार उभे होते आणि त्यांच्यामागे गळ्यात शिट्ट्या घातलेले आठ प्रशिक्षक, मान खाली घालून. पाहुण्यांनी या आगळ्या उपक्रमाचं कौतुक केलं.

शिट्टी वाजवायचा मान जनीला मिळाला. तिने वाजवली. प्रणित शिकवल्याप्रमाणे थांबला, ऐकलं, मग सुटला. आणि जनीही सुटली, चुन्याच्या रेषेबाहेरून, अनवाणी, शिट्टी दातांत धरून. दोरीपाशी ती सगळ्यांत पुढे असलेल्या प्रणितच्याही चार पावलं आधी पोचली.

"प्रशिक्षकांनी मध्ये येऊ नये," पंच म्हणाले, आणि पदक प्रणितच्या गळ्यात घातलं.

जनी धापा टाकत माझ्याकडे आली. "बाई, मी पयली नं?"

"व्हय," मी म्हटलं. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

प्रणितचा पदकासह फोटो पेपरात आला. तो तुम्ही पाहिलात. 'बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, पण हसतोय किती गोड,' असं म्हणून तुम्ही डोळे पुसलेत आणि पान उलटलंत.