जाधवांचे दोन माठ

जाधवांच्या घरी दोन माठ होते आणि भर उन्हाळ्यातही त्यांत पाण्याचा थेंब नसे. दोन्ही आडवे, चुंबळीवर टेकवलेले, तोंडं खोलीतल्या एकुलत्या स्टुलाकडे. त्या तोंडांत स्पीकर बसवले होते. नेरूळच्या आमच्या इमारतीत राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी मला त्या स्टुलावर बसवण्यात आलं. जाधवांनी कॅसेट लावली. एक गायिका गाऊ लागली. दुसऱ्या ओळीला त्यांनी विचारलं, "बाई कुठं उभी हाय?"

मी दचकून दाराकडे पाहिलं.

"तिकडं नव्हं. गानारी बाई. डाव्या माठात, उजव्या माठात, का मधी?"

जाधव साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी. गोणी तोलायची आणि वजन पुकारायचं, हे काम. व्यापारी कितीही ओरडला तरी तराजूचा काटा मध्यावर स्थिर झाल्याशिवाय ते वजन पुकारत नसत. घरातही त्यांना तेच हवं होतं. गाणारी बाई दोन माठांच्या बरोबर मध्ये उभी आहे असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. दोन वर्षं हा खटाटोप चालला होता, तोही जवळजवळ काही विकत न घेता. स्पीकर भंगारात निघालेल्या टीव्हींचे. अ‍ॅम्प्लिफायरची पेटी जासईच्या कंटेनर यार्डात फेकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्यांची. तिच्यावर कुठल्याशा परदेशी बंदराचं नाव उलटं दिसे. आवाज कमीजास्त करायचं बटण म्हणजे टूथपेस्टचं टोपण. एक माठ घरातला, दुसरा त्याच्या जोडीला आणलेला. तेवढीच खरेदी.

"आवाजाला पैसा लागत नाय, साहेब. दुकानाला लागतो," ते म्हणत.

आवाज धक्का बसावा इतका स्वच्छ होता. माझ्या टू-इन-वनपेक्षा नक्कीच.

जाधववहिनींचं मत वेगळं होतं. "दोन वर्सं झाली, परक्या बाईची चौकशी संपंना. माझा माठ गेला भावजी, आन् ही बया आली." त्या स्वतः स्टुलावर बसलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. जाधवच बसू देत नसत. "काटा बसल्याबिगर तुला न्हाय."

इमारतीतल्या लोकांना एक गोष्ट लवकर समजली. 'डावीकडे' म्हटलं की जाधव माठ बोटभर सरकवत, कॅसेट मागे फिरवत आणि पुन्हा विचारत. तासभर सुटका नसे. 'मध्ये' म्हटलं की लगेच चहा मिळे. मीही चार वेळा 'मध्ये' म्हटलं होतं. त्यातलं एकदा गाणं सुरू व्हायच्या आत.

एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली. आत गेलो तर हॉलमध्ये घमेलं, घमेल्यात कालवलेलं सिमेंट.

"हे काय, जाधव?"

"समदी म्हनत्यात मधी. आता माठ फरशीला पक्कं करतो. मग हिला बसवायचं. शेवटचं तुमी ऐका."

सिमेंट पाहून मी हादरलो. पहिल्यांदाच डोळे मिटून नीट ऐकलं. बाई डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती आणि मध्येही नव्हती. आवाज नुसता खोलीभर पसरला होता.

"जाधव, बाई कुठेच नाही."

"म्हंजे?"

"मध्ये कोणीच नाही. आधीही नसणार. मी आपला चहासाठी म्हणत होतो."

जाधव रागावले नाहीत. थापी खाली ठेवून डाव्या माठामागे वाकले आणि बराच वेळ तारा तपासत राहिले. "ह्यो स्पीकर उलटा जोडलाय. एक आवाज पुढं ढकलतोय, दुसरा मागं वढतोय," म्हणाले, आणि तांबडी तार काळीच्या जागी, काळी तांबडीच्या जागी लावली. गाणं पुन्हा सुरू झालं. मी स्टुलासकट मागे सरकलो. दोन माठांच्या मधल्या रिकाम्या भिंतीपुढे बाई उभी होती.

"आली!" मी ओरडलो. "पण एवढा फरक तुम्हाला दोन वर्षं कळला कसा नाही?"

"मला कसा कळनार?" त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "ह्यो लहानपनीच फुटला. मला बाई कायम उजवीकडंच."

दोन वर्षं हा माणूस आमच्या कानांनी ऐकत होता, आणि आम्ही चहा पिऊन निघून जात होतो.

"मग हे सगळं कशासाठी?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. वाशीच्या एका दुकानात वहिनी एकदा मोठ्या स्टिरिओसमोर थबकल्या होत्या. बाई पुढ्यात उभी राहून गातीय की, म्हणाल्या होत्या. घ्यायचं नसेल तर पुढे व्हा, असं दुकानदाराने सांगितलं. गाणं निम्म्यावर होतं.

"तेवढं पुरं ऐकवायचं हाय," जाधव म्हणाले आणि आत हाक मारली, "अगं, ये. बस हितं."

वहिनी कणकेच्या हातांनीच आल्या. "सिमेंट कोन पुसनार?" म्हणत स्टुलावर टेकल्या. गाणं सुरू झालं. जाधव भिंतीला टेकून त्यांचा चेहरा बघत होते.

माठांमधल्या रिकाम्या भिंतीकडे बघत, घरात अचानक कोणी आल्यावर करतात तसा वहिनींनी कोपराने पदर सारखा केला, आणि त्या एवढ्याशा स्टुलावर थोडं सरकून बाजूला जागा केली.