सडल्या दाण्याची बडतर्फी आणि कोंबडखान्याची फत्ते

समस्त अंगणधारी, खुराडेबहादर, अंडेभक्त मंडळींचे सेवेसी आज्ञाधारक हकीकतनवीस याचा त्रिवार मुजरा. विनंती विशेष. आपण पुसिले की, गल्लीत मानमोडीचा रोग शिरोन घरोघरची खुराडी ओस पडली असता माजी गोदाम-दरोगा यांचे अंगणातील कोंबड्या कोणत्या मर्दुमकीने वाचल्या, आणि खरा गनीम कोण, आणि तो इतके दिवस कोठे दडोन बसला होता, ते साद्यंत लिहोन पाठवावे. त्यावरून जे जाहले ते लिहिले आहे. कोणास झोंबल्यास लेखणीकडे इलाज नाही.

तर दरोगासाहेब हे सरकारी धान्यगोदामाचे कारभारी होते आणि सारी हयात पोत्यांच्या थप्प्यांत घालवून मोठ्या इतमामाने निवृत्त जाहले. निरोपाचे दरबारी वरिष्ठांनी त्यांस भिंतीवरचे घड्याळ बहाल केले आणि जाहीर केले की, यांचे अमलात एकही पोते 'खराब' म्हणोन लिहिले गेले नाही. टाळ्यांचा कडकडाट जाहला आणि साहेबांचे डोळे भरोन आले. आता जी पोती भिजत, ज्यांस कीड लागे, बुरशी धरे, ती जात कोठे, हे पुसण्याचा शिरस्ता त्या दरबारी नव्हता. ती रीतसर पुढे रवाना होत आणि मग कोठेतरी कोणी बाई ते दाणे निवडी आणि पाखडी आणि धुई आणि आपल्या नशिबास बोल लावी. परंतु कागद स्वच्छ राहिले. आणि कागद स्वच्छ तर गोदाम स्वच्छ, ऐसा एकंदर कारभार होता.

निवृत्तीउपरी साहेबांचे हाती हुकमत गाजवण्यास फक्त अंगण उरले. त्या अंगणात बाईसाहेबांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, कोंबड्यांची फौज नांदत होती. फौजेत जमादार नावाचा एक कोंबडा होता, तो उजेड फुटण्याआधीच आरोळी देई आणि दिवसभर काही काम करीत नसे. पांढरी नावाची कोंबडी अंडी घालण्यात शूर होती. आणि तुरेवाली होती. तुरेवालीस तिच्या आईने टाकोन दिले होते, तेव्हा बाईसाहेबांनी तिला खोक्यात दिव्याच्या उबेस ठेवून, हातावर भरवून वाढवले होते. ती रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चढे आणि मान वाकडी करोन बाईसाहेबांची झडती घेई. बाईसाहेबांनी एकदा साफ सांगोन ठेविले होते, "हिला काही झालं ना, तर हे खुराडं मी माझ्या हाताने मोडेन. पुन्हा नाही जीव लावायचा कशाला." हे वाक्य दरोगासाहेबांनी ऐकिले आणि वर्तमानपत्राचे पान उलटले.

कोंबड्यांची रसद मात्र साहेबांनी आपले अखत्यारीत घेतली. टंचाई पडेल या भयाने त्यांनी भरडलेल्या दाण्याची इतकी पोती एकदम आणविली की हमालाने पुसिले, "काका, कोंबड्या पाळल्यात की हत्ती?" जिन्याखालची जागा हा अंबारखाना ठरला. त्याची मागची भिंत न्हाणीघराची होती आणि हात लावला असता गार लागे. गोदामाचा पहिला कायदा असा की, पोते उघड्या जमिनीवर ठेवू नये, खाली फळी घालावी आणि भिंतीपासून अंतर राखावे. हा कायदा साहेब झोपेतही म्हणोन दाखवीत. परंतु घरात रुंद फळी होती एकच. ती पोत्याखाली घातली असती तर कोणाचे नजरेस पडली नसती. सबब साहेबांनी तीस पिवळा रंग देवविला आणि तीवर काळ्या अक्षरांत 'अंबारखाना. परवानगीवाचून आत येऊ नये' ऐसे लिहवून ती जिन्याखाली वर टांगली आणि पोती खाली फरशीवर, भिंतीस पाठ लावून बसविली. नवे पोते आले की ते जुन्याचे उरावर चढे आणि जुने तळाशी ओल खात पडे.

ऐसे चालले असता खबर आली की, गल्लीच्या टोकास राहणारे कवायत-मास्तर यांचे खुराड्यात मानमोडी शिरली. प्रथम कोंबड्या सुस्तावल्या, मग माना पाठीकडे वळल्या, मग पाय लुळे पडले आणि मास्तरांची शिट्टी ऐकण्यास एकही कोंबडी उरली नाही. ही खबर पोहोचताच दरोगासाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. त्यांनी तात्काळ मसलत भरविली. तीत ठरले की, लशीखेरीज तरणोपाय नाही आणि लस आणण्याचे मोहिमेवर बाईसाहेबांचे बंधू, म्हणजे साहेबांचे मेहुणे, यांस नामजाद करावे.

मेहुणे मोठ्या जोमाने कूच करते जाहले. त्यांनी लशीची कुपी हस्तगत केली आणि सदऱ्याच्या खिशात, छातीशी घातली, कारण मौल्यवान वस्तू तेथेच ठेवतात ऐसा त्यांचा समज होता. मग वाटेत एक मित्र भेटला, आणि मग चहा जाहला, आणि मग दुसरा मित्र भेटला म्हणोन पुन्हा चहा जाहला, आणि ते घरी आले तेव्हा कुपी अंगाइतकी ऊन होती. पशुवैद्यबाईंस फोन लाविला. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला की, ही लस बर्फात जगते आणि उन्हात मरते, सबब ती फेकोन द्यावी. दरोगासाहेबांचा तिळपापड जाहला. त्यांनी सर्वांदेखत फर्मान काढिले की, ज्यास माल सांभाळता येत नाही त्याने येथोन पुढे मालास हात लावू नये. मेहुणे मान खाली घालोन उभे राहिले. साहेब हे फर्मान अंबारखान्याच्या पाटीखाली उभे राहोन देत होते.

त्याच आठवड्यात पांढरी मेली. तिची मान वळली नव्हती की पाय लुळे पडले नव्हते. ती आधी खाईनाशी जाहली आणि मग एका सकाळी कोपऱ्यात निपचित सापडली. साहेबांनी ठराव केला की, ही मानमोडीची आघाडीची तुकडी. बाईसाहेब उठल्या. त्यांनी अंबारखान्यात जाऊन मूठभर दाणा काढिला, नाकाशी नेला आणि तशाच साहेबांचे पुढ्यात येऊन ठाकल्या.

"अहो, वास बघा ना याचा."

"जिन्याखाली हवा कोंडते गं. त्याचा वास आहे तो. ऊन दाखवलं की जाईल."

"गोळे झालेत दाण्याचे. हिरवं दिसतंय."

"मी जन्मभर हेच केलंय. मला शिकवू नकोस."

मग दाणा गच्चीवर पसरण्यात आला, आणि त्यास ऊन दाखविण्यात आले, आणि गोळे हाताने फोडोन तो पुन्हा त्याच पोत्यांत, त्याच फरशीवर, त्याच भिंतीस टेकवून नांदता जाहला. अंडी कमी पडू लागली. जमादाराची आरोळी घोगरी जाहली. आणि एके दिवशी तुरेवाली उंबऱ्यावर चढलीच नाही. ती पिसे फुगवून पायरीखाली उभी राहिली. बाईसाहेबांनी तळहातावर दाणा धरिला तो तिने नुसता पाहिला आणि डोळे मिटले. बाईसाहेब तेथेच पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. हे साहेबांनी खिडकीतून पाहिले आणि त्यांचे काळजात चर्र जाहले. परंतु दोष त्यांनी मानमोडीसच दिला, कारण मानमोडी उलट बोलत नाही.

दुसरी मोहीम खासा दरोगासाहेबांनी काढिली. त्यांनी बर्फाने भरलेला डबा घेतला, त्यात लस ठेविली, डबा टॉवेलात गुंडाळिला आणि बसमध्ये तो मांडीवर ऐसा धरिला की शेजारच्या बाईंनी बाळ मुलगा की मुलगी म्हणोन चौकशी केली. पशुवैद्यबाईंस त्यांनी संगे आणिले. बाईंनी फाटकाशीच बूट धुतले, म्हणाल्या की, रोग पायाला लागून येतो. कोंबड्या खुराड्यात शिरावयाची वेळ साधली होती, म्हणजे धरपकडीस सोपे जाईल. कुपीत पातळ औषध मिसळले की दोन तासांत ती संपवावी लागते, ऐसे बाईंनी बजावले आणि कुपी उघडण्यापूर्वी एकवार फौजेची पाहणी केली. तुरेवालीपाशी त्या थबकल्या, खाली बसल्या, तिचा फिका तुरा पाहिला, तिचे पोट चाचपले.

"हिला आज लस नाही द्यायची. आजारी पक्ष्याला देत नाहीत. खायला काय घालता?"

दरोगासाहेब या प्रश्नाचीच वाट पाहत होते. त्यांनी बाईंस मोठ्या अदबीने जिन्याखाली नेले आणि पाटी वाचण्यास पुरेसा अवकाश दिला. बाईंनी पाटी वाचली नाही. त्यांनी तळच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हिरवट, दमट गोळा बाहेर काढिला आणि तो साहेबांचे हातावर ठेविला.

"काका, तुमची पांढरी मानमोडीने नाही गेली. ही बुरशी तिच्या पोटात गेली. लस दिली तरी हा दाणा चालू राहिला तर ती लस अंगी लागायची नाही. आधी हा बाहेर काढा, मग मी कुपी उघडते."

येथे युद्धास खरे तोंड लागले. साहेबांनी एकामागोन एक मोर्चे लाविले. प्रथम म्हणाले की, वरचा चाळोन घेऊ. बाई म्हणाल्या, विष चाळणीत अडकत नाही. मग म्हणाले, धुऊन वाळवू. बाई म्हणाल्या, ते धुतल्याने जात नाही आणि उन्हानेही जात नाही. डब्यातील बर्फ वितळो लागला आणि टॉवेल टपटप गळू लागला. मग साहेबांनी जन्मभराची पोलादी मसलत बाहेर काढिली. ते म्हणाले की, हरकत नाही, कवायत-मास्तर पुढे नव्या कोंबड्या आणतीलच, तेव्हा ही पोती त्यांस शेजारधर्म म्हणोन भेट पाठवू.

बाईसाहेब तुरेवालीस कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढविला नाही.

"गोदामातला माल खाणारे तुम्हाला कधी दिसले नाहीत. ही रोज दारात येते."

मेहुणे, ज्यांस मालास हात लावण्याची बंदी होती, त्यांनी नजर दुसरीकडे फिरविली. साहेब हातातील गोळ्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी तो नाकाशी नेला, आणि हा वास त्यांस नवा नव्हता. निरोपाचे दरबारी टाळ्या वाजल्या तेव्हाही तो त्यांचे सदऱ्यास येत होता. त्यांनी दोनदा तोंड उघडले आणि मिटले. तिसऱ्या वेळी शब्द निघाला.

"माल खराब आहे."

"मोठ्याने म्हणा," बाईसाहेब म्हणाल्या.

"खराब आहे! सगळा! उचला रे!"

मग एकच धांदल उडाली. मेहुण्यांनी कंबर कसोन परसात खड्डा खणिला, आणि साहेबांनी पोती स्वतः पाठीवर वाहिली, आणि दाणा खड्ड्यात जाऊन वर चुना पडला, कारण बाईंनी निक्षून सांगितले होते की, तो गाईगुरांच्या किंवा पाखरांच्याही तोंडी लागता कामा नये. तळचे पोते उचलिले तेव्हा भिंतीवर ओलीचा नकाशा दिसला. तो पाहोन साहेब म्हणाले, "फळी हवी होती खाली." सर्वांच्या नजरा वर टांगलेल्या पाटीकडे गेल्या.

मग कुपी उघडली आणि लशीची लढाई जाहली. मेहुणे एकेक कोंबडी बगलेत धरीत, बाई तिचे डोळ्यात एक थेंब सोडीत, ती डोळा मिटेस्तोवर थांबत आणि मग सोडोन देत. बाकीच्या कोंबड्यांनी मुकाट्याने शरण येणे पसंत केले. जमादाराने मात्र ऐनवेळी मर्दुमकी दाखविली, तो मेहुण्यांचे हातोन निसटला आणि दरोगासाहेबांचे टकलावरोन उडोन तुळईवर जाऊन बसला. त्यास केरसुणीने खाली आणावे लागले आणि साहेबांचे कपाळावर तीन ओरखडे उमटले. बर्फ पुरता वितळण्याआधी फौजेची लस पुरी जाहली.

तुरेवालीस बाईसाहेबांनी स्वयंपाकघरात टोपलीत ठेविले, ताजा कोरडा दाणा आणि स्वच्छ पाणी दिले आणि येता-जाता "ऊठ गं बाई" म्हणोन तिची मनधरणी चालविली. दरोगासाहेब टोपलीजवळ खुर्ची ओढोन बसत. त्यांस कोणी बसण्यास सांगितले नव्हते. पुढे एका सकाळी टोपली रिकामी दिसली. साहेबांची पाचावर धारण बसली. ते तसेच अनवाणी धावले, तो तुरेवाली उंबऱ्यावर उभी राहोन, मान वाकडी करोन, बाईसाहेबांकडे नाश्त्याचा तगादा लावीत होती. साहेब भिंतीस टेकले आणि रडले, आणि चष्म्यात धूर गेला म्हणाले. तेव्हा चूल पेटलेली नव्हती.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तुरेवालीस ती धडधाकट झाल्यावर लस मिळाली. दाणा आता थोडाथोडा येतो आणि घट्ट झाकणाच्या पिंपात राहतो, जुना संपल्यावाचून नवा उघडत नाही. पिंप भिंतीपासून हातभर दूर आहे आणि त्याखाली पिवळी फळी आहे, अक्षरे जमिनीकडे. येथे हकीकत पुरी करोन ती दरोगासाहेबांस दाखविली असता त्यांनी सर्व गोड मानोन घेतले, ओरखडेसुद्धा. फक्त एके ठिकाणी त्यांनी बोट ठेविले. तेथे लिहिले होते की, या युद्धात पांढरी ही मानमोडीच्या आघाडीस बळी पडली. साहेब म्हणाले, "ते खोडा. आमच्या दाण्याने मेली. तसंच लिहा." त्यांचे हुकुमावरून तसेच लिहिले आहे.