घर झोपून पाहणारे मामा

आमचे शामरावमामा घर उभ्यानं पाहत नाहीत. नात्यात कोणी जुनं घर विकत घ्यायला निघालं की काखेत सतरंजी मारून ते सोबत जातात आणि भाडेकरू झोपतात तिथंच आडवे होतात. "उभ्या मानसाले भिंती दिसते. छत झोपल्यावरच दिसते," हे त्यांचं शास्त्र. साकोलीतले दलाल त्यांना लांबून पाहिलं तरी रस्ता बदलतात.

बाबांनी हायवेमागचं जुनं कौलारू घर पसंत केलं तेव्हा मामा आलेच. तिथं भाड्यानं मीराताई राहायची. डबे करून विकायची. सोबत शाळकरी मुलगी, पिंकी.

दलाल बाबांना समजावत होता, "उद्या काही झालं त तुमच्यावर येत नाई साहेब. भाडेकरू आपल्या जबाबदारीवर राहते, असा कागद करून आनला मी."

माझं डोकं फिरलं. भाडं मालकाचं आणि पडणारं आढं भाडेकरूचं, ही वाटणी कोणी केली? मी भांडायला तोंड उघडलं, तोवर मामांनी पिंकीच्या खाटेशेजारी सतरंजी अंथरली होती.

"मामाजी, उठा ना. लोक पाहून राहिले. घर मजबूत हाय," दलाल म्हणाला.

"पाहू दे. मजबूत हाय म्हनता ना, मंग या, झोपा बाजूले."

"मले काम हाय."

"तुमाले काम हाय. अन् या पोरीले काही काम नाई म्हनून तिनं इथं झोपाव?" मग बाबांकडे वळून, "भाऊजी, तुमी या. तो कागदबी आनजा. आढं आलं का डोक्यावर धरजा."

बाबा लाजत आडवे झाले आणि वर पाहू लागले. आढं वाळवीनं पोखरून मधोमध वाकलं होतं. ओल उतरत दिव्याच्या वायरपर्यंत आली होती.

"पोरगी इथंच झोपते?" बाबांनी विचारलं.

"पानी गळलं का खाट सरकवा लागते," मीराताई म्हणाली.

बाबांनी पडल्यापडल्याच तो कागद फाडला. आधी आढं, मग वायरिंग, मग रजिस्ट्री, अशी अट घातली. हे कळताच घरमालक येऊन तणतणला, दुसरं गिऱ्हाईक आणतो म्हणाला.

"आना," मामा म्हणाले, "मी सतरंजी घिऊन येतो."

मालकानं सुतार बोलावला.

काम होईपर्यंत मायलेकी मामांकडे राहिल्या. मामी गेल्यापासून त्या घरात फक्त रेडिओ बोलायचा. आता पिंकी सतरंजीवर पसरून गृहपाठ करायची आणि मामा डब्यांची झाकणं लावत तिला पाढे विचारायचे.

काम संपलं, तसे मामा तपासायला आले. आडवे झाले. वर नवं सागवानी आढं, नवी वायर. तरी ते उठेनात.

"आजोबा, झालं का पाहून?" पिंकीनं विचारलं.

"भिंत ओली हाय," ते छताकडे पाहतच म्हणाले. "अजून काही दिस जाऊ द्या."

मी भिंतीला हात लावला. खडखडीत कोरडी. मीराताईनंही लावला. क्षणभर ती मामांकडे पाहत राहिली.

"हो, ओलीच हाय," ती म्हणाली. "चला काका, सतरंजी उचला. भाजी चिराची हाय घरी."