नथ्थूची शाल

मानवी मनाच्या तळघरात उतरण्याचं धाडस दोंडाईच्यात आजवर एकाच माणसाने केलं आहे. त्यासाठी त्याला कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती.

लीलाधर कारकून. अकरा वर्षं खपून त्याने एका शब्दभ्रमकाराची थरारक कादंबरी लिहिली: बोलक्या बाहुल्यापायी माणूस वेडा होत जातो आणि शेवटी खून. बायकोने, हेमांगीने, हस्तलिखिताच्या सातव्या पानावर खूण घातली होती. ती खूण चार महिने हलली नव्हती. आपलं लिखाण एका तरी माणसाने शेवटपर्यंत वाचावं, एवढीच आता लीलाधरची इच्छा उरली होती. म्हणून छापखान्यातून आलेली पहिली प्रत त्याने न उघडताच वाचनालयाचे अध्यक्ष भाईदास आबांना नेऊन दिली.

प्रकाशनाला आबाच उशिरा आले. व्यासपीठावर रिकामी खुर्ची दिसू नये, हा वाचनालयाचा रिवाज. सूत्रसंचालन करणाऱ्या पुष्पाबाईंनी त्या खुर्चीत, कादंबरीच्या जाहिरातीसाठी लीलाधरने आणलेला लाकडी बोलका बाहुला, नथ्थू, बसवला. खुर्चीवर असेल त्याचा सत्कार, हा दुसरा रिवाज. नथ्थूला शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्याही मिळाल्या. आबा पोचले तेव्हा शाली संपल्या होत्या; त्यांच्या खांद्यावर टॉवेल आला.

"बाहुलाले शाल अन् माले टुवाल?" आबा पायऱ्यांकडे वळले.

"आबा, थांबा! नथ्थूची काढून देतो," लीलाधर म्हणाला.

"त्यानी उतरेल शाल मी पांघरू?"

आपला एकुलता एक वाचक निघाला, हे पाहून लीलाधरने घाईघाईने नथ्थूच्या पाठीत हात घातला. "आबा, माफ करा," नथ्थू किनऱ्या आवाजात म्हणाला.

"लीलाधर, तुना व्हट हालस," आबांनी त्याच्या ओठांकडे बोट दाखवलं.

सभागृह हसलं. आबाही हसले, बसले आणि माईक ओढून म्हणाले, "हाई पुस्तक मी दोनदा वाचं. बोलनारा एकच, बाकीना नुसत्या मुंड्या हालावतस! बराबर लिखेल शे. फक्त शेवटले बठ्ठासले चहा पाजेल शे, ते काही पटनं नही."

लीलाधरचे डोळे भरून आले. कोणीतरी तळ गाठला होता. खुनानंतर सगळ्यांना चहा कुठून आला, ते त्याला आठवेना. पण मोठ्या लेखकांचं असं होत असावं.

आबांनी सहीसाठी आपली प्रत पुढे केली. लीलाधरने ती उघडली. मुखपृष्ठ कादंबरीचं होतं. आत, त्याच छापखान्यात बांधणीला आलेला, एका दूध संस्थेच्या वार्षिक सभेचा अहवाल होता.

त्याने सही केली.

त्या संस्थेचे चेअरमन अठरा वर्षं भाईदास आबाच आहेत.